डॅम्परशिवाय पचमढी

निखिल गेला तो मंगळवार होता. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दवाखान्यातून शुभांगीचा फोन आला. मी आईला उठवलं, रिक्षा बोलावली आणि आम्ही निघालो. त्याला डेंग्यू झाला होता.

निखिल माझा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. शुभांगी त्याची बायको. नागपूरला प्रताप नगरच्या घरात आम्ही चौघं राहत होतो: आई, ती दोघं आणि मी. मी धरमपेठेतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. निखिल हिंगण्याला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या खात्यात होता. तो कंपनीच्या बसने जायचा, त्यामुळे त्याची निळी साडेसहाशे सीसीची स्पोर्ट बाइक फक्त रविवारी बाहेर निघे. ती चालवायला त्यानेच मला शिकवलं. बाबांची जुनी मोटरसायकल मी कॉलेजात असताना चालवत होते, तरी या गाडीवर पहिल्यांदा बसले तेव्हा हँडलपर्यंत इतकं वाकावं लागलं की मला ती एखाद्या खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायची कसरत वाटली. चार-पाच रविवारांनंतर सवय झाली.

तो गेल्यावर गाडी पोर्चमध्ये कापडाखाली उभी राहिली. दर रविवारी मी ती दहा मिनिटं सुरू करून ठेवत असे. असे चौदा महिने गेले. मग एका संध्याकाळी शुभांगी म्हणाली, "ताई, मी गाडी विकून राहिली."

मी कारण विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी ती दोघं रामटेकहून परत येत होती. शुभांगी मागे बसलेली, तिच्याही मागे दोन पिशव्या बांधलेल्या. सरळ, मोकळ्या रस्त्यावर अचानक हँडल डावी-उजवीकडे थरथरायला लागलं. दोन-तीन सेकंदांचाच खेळ, पण शुभांगी किंचाळली. त्या सकाळीच निखिलने तिच्या भित्रेपणावरून तिची थट्टा केली होती. तिची खात्री झाली की आपल्याला घाबरवायला त्याने हँडल मुद्दाम हलवलं. तो शपथेवर सांगत राहिला, "मी नाही हलवलं वं, गाडीच हलली." तिने विचारलं, "मग तू एकटा असते तवा काहून नाही हलत?" त्यानंतर शुभांगी त्या गाडीवर कधी बसली नाही. घरात भांडण असं नव्हतं, पण दोघांच्या बोलण्यात ती एक जागा कायम टाळली जायची.

निखिलने उत्तर शोधलं नाही असं नाही. त्याचा मित्र विकी म्हणे, स्टिअरिंग डॅम्पर बसव. डॅम्पर म्हणजे हँडल आणि गाडीची चौकट यांच्यामध्ये बसवलेला तेल भरलेला दांडा. आमच्या ग्रंथालयाच्या दाराला वर एक दांडा आहे, तो दार धाडकन आपटू देत नाही. हा तसलाच, हँडलला झटका खाऊ न देणारा. निखिल मला म्हणाला, "ताई, तू वाचून सांग, आपल्या गाडीला लागते का?" मी वाचायला घेतलं. माझं वाचणं सावकाश असतं. उत्तर सांगायच्या आत तो आजारी पडला.

"तो माह्याशी खोटं बोलला का, एवढंच मले पाहिजे होतं," शुभांगी म्हणाली. "आता कोणाले विचारू?"

"गाडीला विचारू," मी म्हटलं.

असं ठरलं: मी ती गाडी पचमढीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. वाटेत सरळ हमरस्ता आहे, घाट आहे, उतार आहे; गाडीत खोट असेल तर कुठे ना कुठे दिसेल. शुभांगीची अट एकच. "एकदा जरी हललं तरी विकते. अन् ताई, मले खरं सांगायचं."

सावनेर

डिसेंबरातला शुक्रवार. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या. माझ्यापुढे विकी, त्याच्या लाल गाडीवर. विकी निखिलबरोबर त्याच खात्यात होता. मी एकटी जाणार हे कळताच त्याने रजा टाकली. त्याच्या हँडलखाली सोनेरी रंगाचा डॅम्पर चकाकत असतो. सिग्नलला थांबला की तो त्यावरची धूळ बोटाने पुसतो.

सावनेरला तर्री-पोहे खायला थांबलो. पोह्यांवर लाल रस्सा ओतून घेत विकीने माझ्या गाडीकडे पाहिलं.

"ताई, हे मागं काय बांधलं? बिऱ्हाड हलवून राहिले का?"

ते आईचं काम होतं. छिंदवाड्याला आमची मावशी राहते आणि पहिला मुक्काम तिच्याकडे होता. बहिणीकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही, हा आईचा कायदा. मग जाणारा बसने जावो की स्पोर्ट बाइकने. तिने कुरड्या दिल्या, काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे दिले, मूगवड्या, पाच किलो तुरीची डाळ आणि लिंबाच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी. शिवाय माझे कपडे. स्पोर्ट बाइकची शेपटी उंच आणि अरुंद असते. तिच्यावर हे सगळं रचून मी दोरीने आवळलं होतं. मागून पाहिलं तर मी दिसतच नव्हते म्हणे.

"मी घेऊ का थोडं?" विकीने विचारलं.

"नको, नीट बसलंय," मी म्हटलं. विकीची गाडी नाजूक, असं मला वाटलं. खरं म्हणजे आईने माझ्यावर सोपवलेली बरणी दुसऱ्याला द्यायला मन होत नव्हतं.

सौंसर

सावनेरनंतर मध्य प्रदेशाची हद्द लागते. पाट्या हिंदीत होतात, माणसं आपलीच राहतात. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, झाडांना बांबूचे टेके दिलेले. ऊन वर आलं होतं. रस्ता सरळ होता, वेग पंचाहत्तर असेल. पुढे लांबवर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला, म्हणून मी ॲक्सिलरेटर सोडला.

आणि हँडल हललं.

आधी बारीक थरथर, मग डावी-उजवी, डावी-उजवी, इतक्या वेगाने की माझी मनगटंच हलताहेत असं वाटलं. शुभांगीने वर्णन केलं होतं ते हेच. माझ्या वाचण्याचा एवढा एक उपयोग झाला: अशा वेळी हँडल घट्ट धरायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, हात सैल ठेवायचे आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. शरीराला हे अजिबात पटत नाही. तरी मी हात सैल सोडले. पन्नासवर येता येता थरथर थांबली. शेळ्या निवांत ओलांडून गेल्या. मी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरले.

विकी वळून आला. त्याने आरशात सगळं पाहिलं होतं.

"पाहिलं ना ताई? बोलून राहिलो ना मी कधीपासून? डॅम्पर पाहिजेच. आज माह्यावाला असता तं..." मग माझा चेहरा पाहून त्याने पाण्याची बाटली उघडून दिली.

आम्ही हळूहळू सौंसरपर्यंत गेलो. बसस्थानकाच्या थोडं पुढे एक गॅरेज दिसलं. बाहेर ट्रॅक्टरचं चाक, दोन मोपेड, आणि बाजेवर बसून चहा पिणारे शंकरराव नावाचे म्हातारे मेकॅनिक. मी काय झालं ते सांगितलं. विकीने डॅम्परचं सांगितलं, बराच वेळ सांगितलं. शंकररावांनी बशीतला चहा संपवला आणि गाडीच्या पुढच्या बाजूला न जाता मागे गेले.

"हे काय होय बाई?"

"सामान आहे. मावशीकडे न्यायचं."

"गाडीवर नेऊन राहिले का गाडीले नेऊन राहिले?" त्यांनी बरणीवर टिचकी मारली. "मागं एवढं वजन उंचावर बसवलं का पुढचं चाक हलकं होते. हलकं चाक नाचनच ना. सोडा हे."

सामान उतरवलं. त्यांनी मला रस्त्यावर एक फेरी मारायला पाठवलं. पंचाहत्तरला नेऊन सोडलं. थरथर आली, पण अगदी बारीक, हातांनाच कळेल अशी. परत येऊन मी तसं सांगितलं.

"म्हणजे आणखी काही हाय," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांना गाडीत रस वाटला. इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून त्यांनी पुढचं चाक अधांतरी केलं. चाकाचे दोन्ही पाइप हातांत धरून पुढे-मागे ओढले. टक. पुन्हा ओढले. टक.

"या, हात लावा."

मी हात लावला. हँडलच्या मुळाशी काहीतरी सैल होतं. केसाएवढं, पण होतं.

"बेअरिंग ढिली हाय. एकटा माणूस बसला तं शोधल्याशिवाय समजणार नाही. मागं वजन आलं का मंग दाखवते." विकीकडे पाहून ते म्हणाले, "अन् तू गा, चौकट ढिली असन तं दाराले जाड कडी लावून काय करशीन? हलणं दिसणार नाही, ढिली तं ढिलीच राहीन."

"पण काका, मोठ्या गाड्यायले कंपनीच लावून देते ना डॅम्पर."

"त्या गाड्या त्या कामाच्या असन. त्याले लागत असन. हिले लागते का ते हिले पाहून सांगीन ना मी. तुह्या गाडीले पाहून हिचं काहून सांगू?"

मी निखिलसाठी आठ महिने जे वाचत होते, तेही फिरून याच जागी येत होतं. शर्यतीच्या गाड्या, तीव्र कोनात बसवलेलं पुढचं चाक, अफाट वेग, तिथे डॅम्पर हवाच. आमच्या गाडीसारखीला निरोगी असताना तो लागत नाही, आणि आजारी असताना तो आजार झाकतो. फरक एवढाच की मला ते वाचून कळलं होतं आणि शंकररावांना हात लावून.

त्यांच्याकडे त्या गाडीचा खास पाना नव्हता. छन्नी आणि लहान हातोडी घेऊन त्यांनी बेअरिंग आवळणारी गोल चकती किंचित किंचित फिरवली, प्रत्येक वेळी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिलं. फार आवळली तरी वाईट, म्हणाले, मग गाडी लाकडासारखी वळते. दीड तास लागला. शेवटी पुन्हा पाइप धरून ओढले. आवाज आला नाही. मी फेरी मारली. पंचाहत्तर, सोडलं. नव्वद, सोडलं. काही नाही. गाडी रेघेवरून चालल्यासारखी आली.

मजुरी विचारली तर त्यांनी बरणीकडे बोट दाखवलं. "थे लोणचं ठेवा. माहं काम बी होते, तुमचं वजन बी कमी होते."

बाकीचं सामान दोन भागांत करून, खाली आणि सीटला चिकटून, दोन्ही गाड्यांवर वाटलं. मग फोन करायचा राहिला.

मला मोह झाला हे कबूल केलं पाहिजे. गाडी आता ठीक होती. हललं होतं ते सकाळी, कारणही गेलं होतं. अट मात्र एकदा जरी हललं तरी अशी होती. विकी म्हणाला, "ताई, नका सांगू. कोणाले कळते?" मी गॅरेजच्या मागे संत्र्याच्या ढिगाजवळ जाऊन फोन लावला.

"शुभांगी, हललं."

"कशानं?"

"मागे चौदा-पंधरा किलो होतं. आणि हँडलची बेअरिंग सैल होती. एकट्या माणसाला शोधल्याशिवाय जाणवत नाही. मागे वजन असलं की हलते."

पलीकडे घरातला पंखा ऐकू येत होता. डिसेंबरातही ती पंखा लावते.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "मी होती. अन् दोन पिशव्या."

"हो."

"म्हणजे मी पंचावन्न किलो अन् पिशव्या."

"हो."

"म्हणजे त्यानं नव्हतं हलवलं."

मी हो म्हणणार होते, पण मला थांबावंसं वाटलं. ग्रंथालयात एका पुस्तकावरून कोणी निष्कर्ष काढला की मी दुसरं पुस्तक काढून देते. "मला तसं वाटतं," मी म्हटलं, "पण तू मागे बसल्याशिवाय नक्की कसं सांगू? बेअरिंग आता आवळली आहे; तेवढंच वजन असूनही हललं नाही, तर तेव्हा तीच हलवत होती."

"तुम्ही पुढं जा," ती म्हणाली. "वापस या. मंग पाहू."

छिंदवाडा, तामिया

सिल्लेवानीच्या घाटात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा, असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. मध्ये हसले असेन. एवढं मात्र खरं की हेल्मेटच्या आत स्वतःचं हसू ऐकून मला नवल वाटलं. वळणामागून वळण, दोन्ही बाजूंना साग, आणि गाडी बोट दाखवावं तिकडे जात होती.

मावशीने दार उघडताच सामान मोजलं. "लोणचं?"

"सौंसरला दिलं."

"कोणाले?"

"मेकॅनिकला."

"माह्या बहिणीचं लोणचं मेकॅनिकले?" जेवणात पाटोडीचा रस्सा होता, गरम भाकर होती, आणि प्रत्येक वाढणीला तिने लोणच्याची आठवण काढली. झोपताना मात्र माझ्या पायांवर आणखी एक गोधडी टाकून गेली, जशी लहानपणी आम्हा दोघांवर टाकायची.

सकाळी छिंदवाड्यात पोहे खाल्ले. तिथे पोह्यांवर तर्री नसते, शेव असते आणि शेजारी जिलबी. विकीने तर्री मागितली तर दुकानदाराने विचारलं, "भैया, पोहा खाना है कि सब्ज़ी?" विकीने दोन प्लेट जिलबी खाऊन सूड घेतला.

तामियाला जमीन एकदम संपते. रस्त्याकडेच्या कठड्यापाशी उभं राहिलं की समोर सातपुड्याच्या रांगा, एकीमागे एक, निळ्या होत जाणाऱ्या. हे निखिलला दाखवायला हवं होतं, असं मला वाटलं नाही. तो इथे येऊन गेला होता. त्याच्या फोनमध्ये याच कठड्याचा फोटो आहे. तो मला दाखवत होता, असं वाटलं.

पचमढी

मटकुलीनंतरचा चढ आम्ही दुपारी चढलो. पचमढीत आपल्याकडचे लोक महादेवाला येतात, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या पायऱ्या चढतात. हा त्यांचा मोसम नव्हता, पण एका चहाच्या टपरीमागे गंजके त्रिशूळ उभे होते. चहावाल्याने आमच्या गाड्यांच्या नंबर पाट्या पाहून लगेच विचारलं, "नागपूर? दर्शन को?"

"गाडी चालवायला," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही.

तळ्याजवळ गाड्या लावायच्या जागी बारीक वाळू होती. मी सावकाश वळून उभी राहिले. मागून विकी आला. माझी गाडी हलल्यापासून त्याने भीतीने स्वतःचा डॅम्पर शेवटपर्यंत आवळून ठेवला होता. पायी चालण्याच्या वेगात हँडल वळवायला गेला तर ते वळेना. त्याने जोर लावला, पाय वाळूवर घसरला, आणि लाल गाडी, सोनेरी डॅम्पर आणि विकी अगदी हळू, जणू विचार करून, एका बाजूला आडवे झाले. सहलीला आलेल्या एका शाळेने टाळ्या वाजवल्या.

गाडी उचलायला मी धावले. विकीला लागलं नव्हतं. फक्त आरसा गेला होता.

"ताई," तो कपडे झटकत म्हणाला, "हे ग्रुपवर नका टाकू."

"मी कुठल्याच ग्रुपवर नाही."

"थेच चांगलं हाय तुमचं."

मग त्याने पाना काढला आणि डॅम्पर सैल केला. काढला नाही, सैल केला. उतारावर दुसऱ्या दिवशी तो माझ्यापुढे नव्हता, मागे होता. मी कुठे वळते ते पाहत येत होता. मला कोणी मागून पाहून गाडी चालवायला शिकेल, असं आयुष्यात वाटलं नव्हतं.

परत

सोमवारी दुपारी सावनेरला पोचलो. बसस्थानकाच्या फाटकाशी शुभांगी उभी होती. एसटीने आली होती. पायाशी भरलेल्या दोन पिशव्या, आणि पांढरं हेल्मेट हातात, जे तीन वर्षं कपाटावर होतं. पिशव्या विकीच्या गाडीवर दिल्या नाहीत, माझ्याच गाडीवर बांधायला लावल्या.

"जेवढं तवा होतं तेवढं पाहिजे," ती म्हणाली आणि बसली.

पाटणसावंगीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. मी पंचाहत्तरला नेलं. तिचे हात माझ्या खांद्यांवर होते आणि बोटं रुतली होती. मी ॲक्सिलरेटर सोडला. हँडल स्थिर राहिलं.

"पुन्हा," ती कानाशी ओरडली.

पुन्हा नेलं, पुन्हा सोडलं. काही नाही.

"अजून एक डाव."

तिसऱ्यांदा मी हात जवळजवळ उचललेच. तळवे नुसते टेकवून ठेवले. गाडी सरळ चालत राहिली, साठ, पन्नास, चाळीस. मग माझ्या खांद्यांवरची बोटं सुटली. तिने कपाळ, म्हणजे हेल्मेट, माझ्या पाठीला टेकवलं. ठक असा आवाज झाला. ती रडत होती की हसत होती, ते इंजिनमुळे कळलं नाही.

कोराडीजवळ ती एवढंच बोलली. "ताई, मी त्याले तीन वर्षं लबाड समजली वं." थोड्या वेळाने: "नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं.

गाडी विकली नाही. डॅम्पर बसवला नाही. विकीने दर सहा महिन्यांनी बेअरिंग तपासायचं कबूल केलं आहे, आणि रविवारी सकाळी हिंगण्याच्या रिकाम्या रस्त्यावर शुभांगी ती चालवायला शिकते. मी मागे बसते.

आता घरात आम्ही तिघी आहोत, आई, शुभांगी आणि मी. पोर्चमध्ये गाडी आहे.